डावीकडची सीट

सत्तावीस वर्षं मी उजवीकडे बसलो.
स्वान्सी ते मम्बल्स, मम्बल्स ते स्वान्सी,
परातीएवढं चाक पोटाशी,
जाताना समुद्र डाव्या हाताला, येताना उजव्या.
मग बसकंपनीने हिशेब मांडला
आणि मला घरी बसवलं.

नेस्टा प्रॉसर, मास्तरांची मास्तर,
पहिल्याच दिवशी म्हणाली,
"गाडी तुला येते, आल्विन.
तीच तर पंचाईत आहे."

लेखी पेपर पाठांतरावर निभावला.
दुसऱ्या परीक्षेत चालवायचं होतं; परीक्षकाला
बहुधा डुलकी लागली.
तिसरी शिकवण्याची.
परीक्षक मागच्या सीटवर,
चाकावर खराखुरा शिकाऊ,
आणि आपण डावीकडे,
पायाखाली एक जादा ब्रेक घेऊन.
संधी तीनच.
काचेवर गुलाबी बिल्ला, सहा महिन्यांचा,
दुधाच्या बाटलीसारखी त्याच्यावर तारीख.

पहिल्या खेपेला अकरा वेळा ब्रेक दाबला.
परीक्षक बाई म्हणाल्या,
"गाडी तुम्हीच चालवलीत,
फक्त चुकीच्या बाजूने."

दुसऱ्या खेपेला जिभेला कुलूप.
छान, म्हणालो. छान.
राउंडअबाउटवर ती पोरगी उलटी शिरता शिरता राहिली,
तरी तोंडातून आलं, छान.

मग रोज रात्री स्वयंपाकघरात सराव.
दोन खुर्च्या शेजारी शेजारी,
मेन्नाच्या हातात पातेल्याचं झाकण.
"आता आरशात बघावंसं का वाटलं नाही?" मी विचारायचो.
"कारण समोर फ्रीज आहे," ती म्हणायची.

मेन्ना गाडी शिकली नाही.
एकोणनव्वद सालची गोष्ट, पोर्ट आयननचा वाहनतळ,
मी तिच्यावर इतका ओरडलो
की समुद्रपक्षी उडाले.
तिने गिअर काढला, हँडब्रेक ओढला
(दोन्ही अगदी बिनचूक)
आणि उतरून चालत बसथांब्यावर गेली.
आली ती आमच्याच कंपनीची बस.
संध्याकाळपर्यंत सगळ्या डेपोला ठाऊक.
यावर आम्ही कधी बोललो नाही.
नेस्टाला सांगितलं, तर ती वहीत काहीतरी लिहीत म्हणाली,
"हा तुझा पहिला तास. याचं मूल्यमापन लिहून आण."
चार पानं झाली. दाखवली नाहीत.

तिसऱ्या खेपेला लिबान.
बाप हार्गेइसाहून आलेला, हा इथलाच,
माझ्यापेक्षा याची वेल्श बरी.
टाउनहिलचा चढ. मध्यावर गाडी बंद.
वीतभर मागे सरली.
मागे पावाची व्हॅन.
माझा पाय ब्रेकवर,
नाही, ब्रेकच्या वर,
केसभर वर.
हँडब्रेक त्याने ओढला. त्यानेच.

माझ्यापाशी सात उत्तरं तयार होती.
मी विचारलं, "काय झालं, तुला काय वाटतं?"
आणि थांबलो.
मागच्या सीटवर पेन थांबलं.
खाली उपसागर, कुणाच्यातरी दोरीवर चादरी,
सत्तावीस वर्षांत एवढा वेळ
मी कुठल्याच थांब्यावर थांबलो नव्हतो.

"आरशात व्हॅन दिसली," तो म्हणाला,
"तिला घाई होती. क्लच मी तिच्या घाईने सोडला."
"मग आता?"
"तिला थांबू दे."
मी मान हलवली. छान म्हणालो नाही.

हिरवा बिल्ला टपालाने आला.
मेन्नाने ओल्या फडक्याने पुसला, फोटो पाहिला.
"भांग तरी पाडायचा होतास."
मग, बिल्ल्याकडे बघतच,
"तासाचे किती घेणार?"
मी आकडा सांगितला.
"महाग आहे," म्हणाली,
बसचा पास पर्समध्ये टाकला,
गायनमंडळाच्या तालमीला निघाली.

दारात जरा थांबली. छत्री होती, की अजून काही.
मी सात उत्तरं गिळून
टेबलाशी बसून राहिलो,
उजवा पाय फरशीच्या
केसभर वर.